खुराडे, घार आणि मुंगूस

मराठी कवितेच्या वर्गात 'खुराडे' हा शब्द आला की त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. महानगरातील दीड खोली, चाळवजा वसाहत, कारकुनाचे टेबल, क्वचित सबंध संसार. ज्याला म्हणून खुराडे म्हटले त्याची निंदा झाली, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. 'खुराडे ही कोंडलेपणाची प्रतिमा आहे' असे वाक्य ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही त्याला गुण देतो. आम्ही दोघेही पंधरा-वीस वर्षे हेच शिकवत आलो आहोत. परंतु २०१८ साली घराच्या मागे एक खरेखुरे खुराडे आले आणि या प्रतिमेकडे पाहण्याची आमची दृष्टी जराशी बदलली. प्रतिमेतल्या खुराड्याचे दार आतल्यांना बाहेर जाऊ देत नाही. परसातल्या खुराड्याचे दार बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. दार तेच, कडीही तीच. ती कोणाच्या भयाने लावली आहे यावर सगळा अर्थ अवलंबून. प्रस्तुत लेख त्या भयाविषयी आहे.

प्रथम थोडा भूगोल. नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय नांदेडच्या बाजूला, एकीचे लातूरच्या बाजूला. म्हणून घर मध्ये, अहमदपूरच्या अगदी कडेला. आमच्या परसाची भिंत संपते तिथे सोयाबीन आणि तूर सुरू होते. पलीकडच्या धुऱ्यावर शेतातून वेचून काढलेल्या दगडांचा एक जुना ढीग आहे, त्याच्याभोवती बोरी-बाभळी वाढल्या आहेत. परसात एक कडुनिंब, एक शेवगा, अडुळशाची रांग. कोंबड्या आठ-दहा, सगळ्या गावठी, आणि एक कोंबडा. शहरातल्या मित्रांना हे सांगितले की ते 'वा! निसर्गाच्या सान्निध्यात!' म्हणतात. निसर्गाचे सान्निध्य म्हणजे काय, हे पिलांची संख्या दर संध्याकाळी मोजणाऱ्यालाच कळते.

चोर कोण, हे शोधणे हा पहिला अभ्यास. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात परकेपणा वाटू नये, कारण ते जवळजवळ पाठचिकित्सेचेच काम आहे. लेखक अनुपस्थित असतो, हाती राहते ती फक्त संहिता. अंगणात पिसांचा विखुरलेला पुंजका आहे आणि कोंबडी नाही, तर रानमांजर किंवा बोका. तीन-चार कोंबड्या मारून तशाच टाकल्या आहेत, जाळी दाताने ओढून वाकवली आहे, तर मोकाट कुत्रे. कुत्र्याला भुकेपेक्षा पळणाऱ्या वस्तूचा मोह अधिक असतो. अंडी आहेत पण फोडलेली, कवचे आणि बलक इकडेतिकडे, तर मुंगूस किंवा घूस. अंडी नाहीत आणि कवचाचा तुकडाही नाही, तर नाग. तो अंडे अखंड गिळतो. रात्री उंचावरून, पत्र्याच्या फटीतून कोणी शिरले असेल तर उदमांजर. आणि भर दुपारी, उन्हात, सगळ्यांच्या देखत एक पिलू कमी झाले, ना पीस ना रक्त, तर वर पाहावे. घार गोल फिरत असते.

यातले प्रत्येक अनुमान चुकू शकते, हे उघड आहे. पाठचिकित्सेतही चुकते. पण अनुमानाशिवाय उपाय करता येत नाही. मुंगूस दिवसा हिंडतो, उदमांजर रात्री, रानमांजर बहुधा झुंजुमुंजूला आणि तिन्हीसांजेला. म्हणजे खुराड्याची कडी रात्री लावून भागत नाही. कोणत्या प्रहराचे भय आपल्या वाट्याला आले आहे ते आधी ठरवावे लागते.

घारीपासून सुरुवात करू. मराठी माणसाच्या मनातली घार ही मुळात आई आहे. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका सर्वपरिचित अभंगात आकाशात हिंडणारी आणि पिलांकडे झेपावणारी घार आहे. शाळेत असताना आपण सगळ्यांनी ती म्हटलेली आहे. जनाबाईंचे गंगाखेड आमच्यापासून फार दूर नाही. त्या रस्त्याने गोदावरीकडे जाताना आजही आकाशात घारी दिसतात. गंमत अशी की अभंगातली घार आणि आमच्या परसातून पिलू नेणारी घार या दोन वेगळ्या घारी नाहीत. आपल्याकडे घारीची वीण प्रामुख्याने हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होते. पुढे उन्हाळ्यापर्यंत घरट्यात पिले असतात आणि त्यांना भरवायचे असते. नेमक्या याच दिवसांत खुडूक कोंबडीखाली पिले निघालेली असली, की आमच्या अंगणावरच्या घिरट्या वाढतात. तिचे चित्त पिलांपाशी असते म्हणूनच तिची नजर आमच्या पिलांवर असते. वात्सल्याचा हा दुसरा अर्धा भाग अभंगात नाही, आणि असण्याचे कारणही नाही. तिथे घार ईश्वराची उपमा म्हणून आली आहे, कोंबडीची शेजारीण म्हणून नव्हे. पण वर्गात ही प्रतिमा शिकवताना आता आम्हांला तिच्या पंजात काय आहे ते दिसते, आणि त्यामुळे ती उणावत नाही, उलट जड होते.

घारीवरचा उपाय स्वस्त आहे. पिले जिथे चरतात तिथे वरून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणायच्या, जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधायच्या, आणि अडुळशासारखी दाट, खाली पसरणारी झुडपे ठेवायची. घारीला झेप घ्यायला आणि पुन्हा वर उठायला मोकळी जागा लागते; ती मोडली की निम्मे काम झाले. शिक्रा मात्र झाडीतूनही शिताफीने येतो. हा पक्षी शिक्राच आहे की दुसरा कोणी ससाणा, यावर आमच्यात वाद झाला तेव्हा मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' कपाटातून काढावा लागला. चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि जून २०२५ मध्ये ते गेले. मराठीत पक्ष्यांना नावे आहेत, एकेकाला अनेक नावे आहेत, हे त्यांच्यामुळे आमच्यासारख्या पुस्तकी माणसांना समजले. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यापासून राखण करता येत नाही, हे खुराड्याने शिकवले.

कोंबड्यांना मात्र आमच्या कोशाची गरज नाही. त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. हे आम्ही लालित्यासाठी म्हणत नाही. आमचा कोंबडा आकाशात घार दिसली की एक बारीक, लांबट, चिरका आवाज काढतो. तो ऐकताच कोंबड्या दबून बसतात किंवा झुडपाखाली पळतात. जमिनीवरून कुत्रा वा मांजर आले की आवाज निराळा, मोठा, तुटक, 'कट् कट् कटाक्' असा. त्यावर त्या मान ताठ करून चहूकडे पाहू लागतात. परसात ज्याने दोन दिवस काढले त्याला हा फरक कळतो. पण तो फरक खरोखर 'अर्थाचा' आहे काय, हा प्रश्न भाषाविज्ञानाचा आहे आणि त्यावर प्रयोग झालेले आहेत. पीटर मार्लर आणि ख्रिस्तोफर इव्हान्स या अभ्यासकांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत कोंबड्यांना पडद्यावर वरून जाणाऱ्या ससाण्याची चित्रे दाखवली, नोंदवलेले आवाज पुन्हा ऐकवले, आणि असे दाखवून दिले की समोर शत्रू दिसत नसतानाही, नुसत्या आवाजावरून ऐकणारी कोंबडी योग्य ती कृती करते. म्हणजे आवाज हा केवळ भीतीचा उद्गार नाही. तो कशाकडे तरी निर्देश करतो. त्याहून मौज अशी की आकाशातल्या धोक्याची हाक कोंबडा एकटा असताना फारशी देत नाही. जवळ ऐकणारी कोंबडी असेल तर देतो. श्रोता नसेल तर उच्चार नाही! आमच्या वर्गात 'चिन्ह आणि चिन्हित' समजावताना सोस्यूरच्या जोडीला आता हा कोंबडाही उभा असतो, आणि शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी, जे बहुतेक शेतकऱ्यांची मुले आहेत, पहिल्यांदाच मान वर करून ऐकतात.

आता मुंगूस. इथे प्रकरण अवघड होते.

मुंगूस म्हटले की आपल्याला पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली कथा आठवते. ब्राह्मणीने पोटच्या पोरासारखे वाढवलेले मुंगूस पाळण्याजवळ आलेल्या सापाला मारते, रक्ताळलेल्या तोंडाने तिच्या स्वागताला धावते, आणि ती त्यानेच मूल मारले असे समजून पाण्याची घागर त्याच्यावर घालते. अविचाराने केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप हे तिचे तात्पर्य. या कथेने मुंगसाला आपल्या मनात कायमचे निर्दोष करून ठेवले आहे. पण कथेतल्या घरात कोंबड्या नव्हत्या. आमच्या मागच्या धुऱ्यावर, त्या दगडांच्या ढिगात, मुंगसाची एक जोडी राहते. ती उंदीर खाते, घुशी खाते, साप आटोक्यात ठेवते. आणि संधी मिळाली की अंडी व पिलेही नेते. रक्ताळलेले तोंड पाहून काय समजावे, हा पंचतंत्राचा प्रश्न आमच्यापुढे दर आठवड्याला असतो. फरक इतकाच की आमच्याकडे दोन्ही उत्तरे खरी असू शकतात.

शेजारी एक मावशी राहतात. वय साठीच्या आसपास, एकट्या. मुलगा पुण्याकडे कामाला. त्यांच्याही कोंबड्या आहेत, आमच्याहून कमी, पण हिशेब वेगळा. आमच्या कोंबडीचे पिलू गेले तर आम्हांला वाईट वाटते. त्यांचे गेले तर तेलाची पिशवी जाते. गावठी अंड्याला आणि कोंबडीला बाजारात पोल्ट्रीच्या मालापेक्षा चांगला भाव असतो आणि तो पैसा घरातल्या बाईच्या हातात येतो, त्यात वाटेकरी नसतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेने देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर मोजली. त्यात परसातले पक्षी ३१ कोटींहून अधिक, आणि २०१२ च्या तुलनेत परसातली ही वाढ सुमारे ४६ टक्क्यांची. मोठमोठ्या पोल्ट्री फार्मांच्या काळात परस संपले असे समजणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. त्या आकड्यात मावशींच्या पाच कोंबड्या आहेत.

एका उन्हाळ्यात मुंगसाने चार दिवसांत मावशींची सात पिले नेली. कोणीतरी त्यांना अंड्यात औषध भरून धुऱ्यावर ठेवण्याचा सल्ला दिला. आम्ही अर्थातच विरोध केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे. त्याच्या केसांच्या कुंचल्यांसाठी त्याची देशभर हत्या होत आली आहे. तो नसेल तर घुशी आणि साप वाढतील. असे सगळे मुद्दे आम्ही क्रमाने मांडले. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, तुमचं समदं खरं हाय. पण तुमाला पगार हाय. मुंगसाला कायदा हाय. माज्या पिलाला काय हाय?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही सरळ उत्तर नाही. निसर्गप्रेमाचा खर्च बहुतेक वेळा तो करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. आमची भूतदया आणि मावशींचे दारिद्र्य यांच्यामध्ये एक मुंगूस उभे होते. लीळाचरित्रातली सशाची लीळा आम्ही अनेकदा शिकवली आहे: पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा चक्रधरांच्या गुडघ्याखाली आश्रय घेतो आणि स्वामी त्याला शिकाऱ्यांच्या हाती देत नाहीत. त्या लीळेत शरण आलेला आणि मारायला आलेला हे दोघे स्पष्ट ओळखू येतात. आमच्या धुऱ्यावर ते तसे ओळखू येत नव्हते. शरण कोण? सात पिले, मुंगूस, की मावशी?

औषधाचे अंडे शेवटी ठेवले गेले नाही. पण ते आमच्या युक्तिवादामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी मावशी आपणहून म्हणाल्या, "नगंच ते. कुत्रं खाईल, मोर खाईल. उद्या एकांदं लेकरू हात लावंल त्या अंड्याला." कायदा आणि जीवसृष्टीचा समतोल यांनी जे झाले नाही, ते एका न पाहिलेल्या लेकराच्या हाताने झाले. त्यानंतर आम्ही जाळीचा खर्च उचलला आणि मावशींनी खुराडे कसे असावे ते सांगितले. आमच्या मते हा व्यवहार त्यांच्या बाजूने उदार होता.

कारण खुराड्याविषयी त्यांना जे ठाऊक होते ते पुस्तकात नव्हते. मावशींचे सासर औसा तालुक्यातले, किल्लारीच्या बाजूचे. जुन्या घराला ढेलज होती, ढेलजेत ओटा, आणि ओट्याच्या पोटातच दगडात बांधलेले खुराडे. तोंड वीतभर, त्याला शहाबादी फरशीचा सरकता तुकडा. वर घरातली माणसे निजत, खाली कोंबड्या. भिंत दोन-अडीच हात जाडीची. तिला ना घूस पोखरू शके ना मांजर. शिवाय कोंबडीने रात्री जरा कुरकुर केली तरी वर निजलेल्याला जाग येई. म्हणजे माणूस आणि कोंबडी एकमेकांची राखण करीत. माळवदाच्या घराची ही रचना मराठवाड्यात सर्वत्र होती आणि तिच्यात पिढ्यांचे शहाणपण होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, त्याच जाड भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड माळवद निजलेल्या माणसांवर आले. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीच्या सांध्यांनी जोडलेला दगड आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढलेली माती हेच मृत्यूचे कारण ठरले, हे पुढे तज्ज्ञांनी सांगितले. मावशी वाचल्या, कारण त्या रात्री त्या अंगणात निजल्या होत्या. घरातल्या दोघांविषयी त्या बोलत नाहीत. एवढेच म्हणतात, की तिसऱ्या दिवशी दगड उपसताना ओट्याच्या पोटातून दोन कोंबड्या जिवंत निघाल्या. यावर त्या काही भाष्य करीत नाहीत, आणि आम्हीही करू नये.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव भूखंड, हलकी छते, पक्की घरे. ती घरे माणसाला मारणार नाहीत, आणि हेच त्यांचे खरे मोल. पण त्यांना ढेलज नव्हती, ओटा नव्हता, म्हणून ओट्याचे पोटही नव्हते. कोंबड्यांची सोय आराखड्यात असण्याचे कारणच नव्हते. मग कुठे पत्र्याचा डबा, कुठे उलटे घातलेले डालगे आणि वर दगड, कुठे मोडकी खाट, अशी बाहेरची खुराडी आली. आणि रानमांजराला गावात यायला कारण मिळाले. जी भिंत कोंबडीला मुंगसापासून वाचवत होती तीच माणसाला मारणारी निघाली, आणि जी माणसाला वाचवते तिच्यात कोंबडीला जागा नाही. सुरक्षितता ही एकाच मापाची वस्तू नसते, हे आम्ही यापेक्षा स्पष्टपणे कुठे वाचलेले नाही.

मावशींच्या सांगण्यानुसार जे खुराडे झाले त्याचे वर्णन इथे देतो. कोणाला उपयोग झाल्यास आनंद आहे. तळाला शहाबादी फरशी, सांधे सिमेंटने भरलेले; खालून उकरून येणाऱ्या घुशीचा आणि मुंगसाचा प्रश्न तिथे मिटतो. भिंती कमरेपर्यंत विटांच्या, वर अर्ध्या इंची चौकोनी भोकांची वेल्डिंगची जाळी. बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून मिळणारी षट्कोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. तो ती फाडतो. बाहेरच्या बाजूने भिंतीलगत हातभर रुंद जाळी जमिनीत आडवी गाडली आहे. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी मुळाशी उकरतो, दोन पावले मागे सरून उकरण्याचे त्याला सुचत नाही. दाराला कडी आणि कडीत खिळा, कारण नुसती कडी धक्क्यांनी सुटते. आत बसायला आडवी बांबूची काठी, जमिनीपासून उंच. अंडी रोज दुपारी काढून घ्यायची. अंडेच नसेल तर नागाला येण्याचे कारण उरत नाही. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडायचे, कारण दाण्यामागे उंदीर, उंदरामागे साप, असा तो क्रम आहे.

एवढे करूनही एक शत्रू आतच राहतो, तो म्हणजे ऊन. मराठवाड्यातल्या मे महिन्यात चारी बाजूंनी बंद पत्र्याची पेटी ही भट्टी होते; उदमांजराच्या भीतीने फट बुजवावी तर कोंबडी उष्म्याने मरते. म्हणून वरच्या बाजूला जाळीचीच, पण रुंद हवेशीर पट्टी, आणि पत्र्यावर तुरीच्या तुराट्यांचा थर. राखण म्हणजे सगळी दारे लावणे नव्हे. श्वासापुरती फट ठेवणे हा राखणीचाच भाग आहे.

जातीचाही प्रश्न आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी 'वनराजा' विकसित केली, बेंगळुरूहून 'गिरिराजा' आली. रंगीत पिसे मुद्दाम ठेवली आहेत, कारण पांढरा पक्षी घारीला लांबून दिसतो. अंडी अधिक, वजन अधिक. पण वजनामुळे ती चपळपणे उडून झाडावर बसत नाही, आणि बहुधा खुडूकही होत नाही. उत्पादनाच्या हिशेबात खुडूक होणे हा दोष. तेवढे दिवस अंडी बंद. गावठी कोंबडी मात्र एकवीस दिवस अंड्यांवर बसते, मग पुढे कित्येक आठवडे पिलांना पंखाखाली घेऊन हिंडते आणि आपल्या दुप्पट आकाराच्या मांजरावर धावून जाते. जिच्यातून आईपण कमी केले तिच्या पिलांची राखण मग जाळीने करायची असते. मावशींनी वनराजा घेऊन पाहिली आणि पुन्हा गावठीवर आल्या. "ती अंडी लई देती," त्या म्हणाल्या, "पण पिलू हाक मारतंय तर वळून बगत न्हाई."

आणि मग तो शत्रू, ज्याला दात, नखे, पंख यांपैकी काहीच नाही. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, तेव्हा तो आम्हांला वर्तमानपत्रातला वाटला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला, आणि पाठोपाठ आमच्याच अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीला. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करायचे असा नियम आहे, आणि साथ रोखायची तर त्याला पर्याय नाही, हेही खरे. आम्ही त्या परिघाबाहेर होतो. तरी त्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवल्या. अर्ध्या इंची जाळीतून मुंगूस येत नाही. विषाणू पावलांच्या मातीतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून येतो. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडू लागले आणि त्यांच्यातही बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मावशी आकाशाकडे पाहून म्हणाल्या, "आता वरून घार न्हाई पडत, कावळा पडतोय." ज्या पक्ष्याला आपण पिलांचा चोर म्हणून हाकलत होतो, त्याच्या मरणाचीच भीती वाटण्याची वेळ आली.

त्या कोंडलेल्या दिवसांत कोंबड्या जाळीला चोच लावून बाहेर पाहत उभ्या असत. २०२० चे टाळेबंदीचे वर्ष नुकतेच सरले होते. वेगळे काही सुचणे शक्य नव्हते. तेव्हा कळले की कवींनी 'खुराडे' हा शब्द निंदेने वापरला त्यातही तथ्य होते. आतून पाहिले तर ते कोंडलेपणच आहे. राखण हा अर्थ बाहेर उभे राहून, हातात कडी धरून पाहणाऱ्याला सुचतो. कोंबडीला हे दोन्ही अर्थ ठाऊक असावेत असे वाटते, कारण ती सकाळी दार उघडायची वाट पाहते आणि संध्याकाळी कोणी न हाकलता आपणहून आत येते. दोन्ही वेळा तिचे बरोबर असते.

मुंगसाची जोडी अजून धुऱ्यावर आहे. मावशी तिला पाहिली की शिवी घालतात. पण गेल्या दोन वर्षांत घुशी कमी झाल्या हेही त्याच सांगतात. त्यांच्या कोंबड्या पाचाच्या नऊ झाल्या आहेत. नवव्या कोंबडीला खुराडे मान्य नाही. ती रोज अंधार पडायच्या आधी आमच्या कडुनिंबावर चढते आणि उंच फांदीवर, अंग चोरून, कडीवाचून झोपते. तिला खाली आणण्याचा नाद आम्ही सोडला आहे. मोजताना मात्र तिला धरूनच नऊ.